बारा पट्ट्यांची प्रदक्षिणा

संध्याकाळची वेळ होती. मी तंबोऱ्याचें यंत्र लावून बसलों होतों. इतक्यांत माझा नातू खोलींत आला आणि म्हणाला, "आजोबा, एक इंग्रजी गाणें लावतों. त्याचा षड्ज कोठें आहे तेवढें सांगा." प्रश्न विनयानें विचारलेला होता, परंतु त्यामागें घरांतलें एक जुनें भांडण होतें. पाश्चात्त्य गाण्यास बूड नसतें, तें दर दोन पावलांवर घर बदलतें, असें मी अनेक वर्षें म्हणत आलों होतों. या माझ्या बोलण्यामुळें नातवानें माझ्यासमोर आपलें वाद्य वाजविणें सोडून दिलें होतें. त्या दिवशीं तो मलाच परीक्षेस बसवीत होता; आणि छत्तीस वर्षें मुलांस परीक्षेस बसविणाऱ्या माणसानें स्वतः परीक्षेस नाहीं म्हणणें शोभलें नसतें.

गाण्याचें नांव ‘ऑल द थिंग्ज यू आर’. चाल जेरोम कर्न यांची, शब्द ऑस्कर हॅमरस्टीन दुसरे यांचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नोव्हेंबर १९३९ मध्यें आलेल्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या संगीत नाटकांतलें हें पद. नाटक ५९ प्रयोगांत आटोपलें. पद मात्र आजहि जगभरचे वादक आवडीनें वाजवितात. गाण्याचा पहिलाच स्वर काळी चारचा लागला, म्हणून मीं तंबोऱ्याचें यंत्र काळी चारमध्यें लावलें. पहिल्या ओळीस तंबोरा सुरेख जुळला. पुढें मात्र कांहीं केल्या जुळेना. मीं विजयी मुद्रेनें सांगितलें, "अरे, या गाण्यास षड्जच नाहीं." तो म्हणाला, "शेवटपर्यंत थांबा." आणि शेवटीं तें गाणें काळी चारवर असें अलगद येऊन बसलें कीं, मला माझा निकाल मागें घ्यावा लागला.

गाणें घरीं परत आलें खरें. पण मधल्या वेळांत तें कोठें गेलें होतें, आणि परतीची वाट त्यास कशी सांपडली? हें समजून घेण्यास मला पुढें कित्येक दिवस लागले. त्या अभ्यासाचें फळ आज आपणांपुढें ठेवीत आहें. घरीं पेटी असेल तर जवळ ओढून घ्यावी. नसेल तरी अडणार नाहीं.

प्रथम ‘कॉर्ड’ म्हणजे काय तें पाहूं. पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. जो भरदार नाद उमटतो ती कॉर्ड. आपण तीस स्वरगुच्छ म्हणूं. गुच्छ ज्या स्वरावर उभा असतो तो त्याचा पाया. पायावर शुद्ध गंधार आणि पंचम ठेवला कीं झाला ‘मेजर’ गुच्छ. गंधार कोमल केला कीं झाला ‘मायनर’. पेटीच्या सप्तकांत बारा पट्ट्या आहेत. त्यांतली प्रत्येक पट्टी पाया होऊं शकते. म्हणजे साधे गुच्छ चोवीस. त्यांत चौथा, पांचवा स्वर मिळवून आणखी पुष्कळ प्रकार होतात, पण पाये बाराच.

आतां एक प्रयोग करूं. उजव्या हातानें सा धरून ठेवा, तो सोडूं नका. डाव्या हातानें त्याखालीं सा-ग-प वाजवा. सा आपल्या घरीं, गादीवर बसल्यासारखा वाटेल. आतां डाव्या हातानें म-ध-सा वाजवा. वरचा सा तोच आहे. परंतु आतां तो मध्यमाच्या घरचा पंचम झाला. मग ध-सा-ग वाजवा. तोच सा धैवताच्या घरांतला कोमल गंधार झाला आणि त्याच्या मुद्रेवर छाया आली. शेवटीं कोमल ध, सा आणि कोमल ग असा गुच्छ वाजवा. आतां आपला सा त्या परक्या घरांतला शुद्ध गंधार झाला. दूरच्या गांवीं ओळखीचा मनुष्य भेटावा तसा. वरची पट्टी एक क्षणहि हललेली नाहीं. बदललें तें खालचें नातें. घरांतली एकच स्त्री कोणाची मुलगी, कोणाची सून, तर कोणाची आई असते, तसेंच हें. चोवीस साध्या गुच्छांपैकीं सहा गुच्छांत एकच स्वर बसूं शकतो, आणि प्रत्येक ठिकाणीं त्याचें नातें निराळें असतें. गुच्छ बदलण्याचें सारें मर्म या प्रयोगांत आहे.

एका घरांतून दुसऱ्या घरांत जाण्याची रीतहि ठरलेली आहे. पंचमाचा गुच्छ घ्या : प, नि, रे, आणि त्यांत चौथा स्वर म मिळवा. या गुच्छांतला नि वरच्या सा कडे ओढ घेतो, म खालच्या ग कडे उतरूं पाहतो. ही दुहेरी ओढ ऐकणाऱ्यास इतकी स्पष्ट जाणवते कीं, पुढें षड्जाचा गुच्छ येणार हें त्यास आधींच कळतें. महाराजांच्या पुढें चोपदार चालावा तसा हा पंचमाचा गुच्छ षड्जाच्या पुढें चालतो. म्हणून रचनाकारास नव्या घरांत जावयाचें असेल तर तो आधीं त्या नव्या घराचा चोपदार पाठवितो. ललकारी ऐकूं आली कीं आपला कान नव्या षड्जासाठीं सरसावून बसतो.

आतां कोणी विचारील कीं इतका खटाटोप हवाच कशाला? शंका योग्य आहे. सा, म आणि प या तीन पायांवरचे गुच्छ घेतले तर त्यांत सातहि शुद्ध स्वर येऊन जातात. म्हणून साध्या चालीस तीन गुच्छ पुरतात. अमेरिकेंतल्या निग्रो समाजानें घडविलेला ‘ब्लूज’ हा गीतप्रकार मूळचा बारा बारांचा आणि तीनच गुच्छांचा आहे, आणि त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या पोसल्या आहेत. तेव्हां गुच्छ पुष्कळ म्हणजे गाणें मोठें, असा हिशेब करूं नये. मसाल्याचे डबे मोजून कोणी स्वयंपाकाची परीक्षा करीत नाहीं. जेव्हां तीन गुच्छांत न मावणारी कांहीं गोष्ट सांगावयाची असते, तेव्हांच बाकीच्यांस बोलावणें शोभतें.

आतां त्या पदाकडे वळूं. तें ३६ बारांचें आहे. बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड. त्याचे ८, ८, ८ आणि १२ असे चार भाग पडतात. आपला षड्ज काळी चार. पहिल्या पांच बारांत पांच गुच्छ येतात. त्यांचे पाये क्रमानें ध, रे, प, सा, म. प्रत्येक पाया मागल्या पायाचा मध्यम. त्यांवर गाणाऱ्याचे मुख्य स्वर क्रमानें सा, म, नि, ग, ध. म्हणजे प्रत्येक गुच्छाचा नेमका मधला स्वर. येथपर्यंत सर्व मंडळी घरचीच आहे आणि तंबोरा माझ्या बाजूनें आहे. सहाव्या बारांत मात्र त्या घरांत नसलेला कोमल गंधार उमटतो. तो असतो एका नव्या चोपदाराचा स्वर. आणि पाहतां पाहतां आपण पांढरी एकच्या घरांत, म्हणजे मूळ षड्जाच्या गंधारावर, येऊन उभे राहतों.

दुसऱ्या भागांत तीच चाल, तोच जिना. पण आरंभ काळी दोनच्या घरांतून, म्हणजे मूळ पंचमावरून. तेथून तसेंच एक वळण घेऊन आपण पांढरी पाचवर, म्हणजे मूळ निषादावर येतों. गंमत अशी कीं, सा, ग, प, नि ही आतांपर्यंत पाहिलेलीं चार घरें एकत्र वाजविलीं तर त्यांचाच एक चौस्वरी गुच्छ होतो.

तिसऱ्या भागाचे पहिले चार बार पांढरी पाचमध्येंच जातात आणि पुढल्या चार बारांत आणखी एक चोपदार पुढें होऊन आपणांस पांढरी तीनच्या घरांत नेतो. हा मूळ षड्जाचा कोमल धैवत. हें घर बरेंच परकें. या घराच्या सात स्वरांपैकीं केवळ तीन स्वर काळी चारच्या घरांतल्या स्वरांशीं जुळतात. माझ्या तंबोऱ्याची कुचंबणा झाली ती या मुलखांत. येथून घर फार दूर आहे आणि बार तर एकच उरला आहे!

आणि येथें कर्न यांनीं जें केलें तें पाहून मीं हात जोडले. या परक्या घरांत गाणारा ज्या स्वरावर येऊन थांबतो, तो त्या घराचा गंधार आहे. पांढरी तीनचा गंधार कोणती पट्टी? काळी चार! म्हणजे आपला मूळ षड्जच. मघांच्या प्रयोगांत जो सा परक्या घरांतला गंधार झाला होता, तोच हा. गाणारा तो स्वर धरून ठेवतो. खालीं गुच्छ बदलतो. आणि चौथ्या भागाचा पहिला स्वर म्हणून तीच पट्टी पुन्हां उमटते, आतां आपल्या घरचा षड्ज म्हणून. शोधीत होतों तें घर पायांखालींच होतें. नंतरच्या बारा बारांत शेवट जवळ येतां येतां गुच्छांचे पाये एकेक पट्टी खालीं उतरत जातात आणि मग पंचमावरून षड्जावर गाणें विसांवतें.

आज जॅझवादक ज्या रीतीनें हें पद वाजवितात तींत पेटीच्या सप्तकांतल्या बाराहि पट्ट्या केव्हां ना केव्हां गुच्छाचा पाया होऊन जातात. एकहि सुटत नाहीं. तरीहि ऐकणाऱ्यास ती कसरत वाटत नाहीं, कारण वरची चाल साधी आहे आणि वळणावळणाला एक ओळखीचा स्वर हात धरून नेतो.

संख्या आणि विस्तार यांतला भेद दाखविणारें एक दुसरें उदाहरण देतों. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकानें १९५९ मध्यें ध्वनिमुद्रित केलेली ‘जायंट स्टेप्स’ ही शब्दावांचूनची रचना. तिच्या १६ बारांत २६ वेळां गुच्छ येतो, वेगहि अतिशय. ऐकून भोवळ येते. परंतु निराळे गुच्छ मोजले तर भरतात नऊ. आणि घरें तीनच : पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. हीं तीन घरें एकमेकांपासून गंधाराच्या अंतरावर आहेत, जणू सप्तकाच्या वर्तुळांत काढलेला समभुज त्रिकोण. वादक त्या त्रिकोणाच्या कोनांवरून धांवत राहतो. सव्वीस हा आंकडा ऐकून दिपून जाऊं नये तें याकरितां.

त्रिकोणाची गोष्ट निघाली म्हणून थोडें गणित सांगतों. जुन्या मास्तरास तेवढी सवलत असावी. षड्जाचीं कंपनें ६४ माना. शुद्ध गंधार पांचास चार या प्रमाणानें ८० होईल. त्या गंधारास षड्ज मानून त्याचा गंधार घेतला तर १००. त्याचाहि गंधार घेतला तर १२५. पेटीवर पाहिलें तर तीन गंधार चढल्यावर आपण बरोबर तार षड्जावर येतों. पण तार षड्ज आहे १२८! म्हणजे शुद्ध गंधारांनीं चढत गेल्यास घर तीन कंपनें दूर राहतें. हें अंतर लहान नव्हे. लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढें अंतर असतें त्याच्या दोन पंचमांशाहून तें किंचित् अधिक आहे.

आपल्या पदाची वाट याच गणितानें तपासा. काळी चार ६४. पंचमाचें घर ९६. त्याच्या गंधाराचें घर १२०. तेथून खालीं उतरून कोमल धैवताचें घर १००. आणि त्याचा गंधार, ज्यास आपण मूळ षड्ज म्हणून ओळखलें, तो १२५! शुद्ध स्वरांचा आग्रह धरला असता तर तें पद घराच्या उंबरठ्यावर येऊन बाहेरच राहिलें असतें. तें घरीं पोहोंचतें याचें कारण पियानोच्या व पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून जुळविलेल्या असतात. प्रत्येक गंधार नैसर्गिक जागेपेक्षां किंचित् चढा ठेवला जातो आणि तो तीन कंपनांचा तुटवडा सर्वांमध्यें वांटून घेतला जातो. बाराहि घरांत मोकळेपणानें जातां यावें म्हणून प्रत्येक घरानें आपल्या गंधाराची थोडी शुद्धता सोडून दिली, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार आपल्या संगीतानें पत्करला नाहीं, आणि तो न पत्करण्यास सबळ कारण होतें. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीस आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवलें, आणि ती बंदी सैल होण्यास तीन दशकें जावीं लागलीं. पेटीवर मींड निघत नाहीं आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद तिच्या ठराविक पट्ट्यांत सांपडत नाहींत, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. ज्यानें तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप उमटणारा गंधार एकदां ऐकला आहे, त्यास तो आक्षेप समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्या गवयानें एकाच घरांत राहावयाचें ठरविलें आणि त्या घराचा कोपरा न् कोपरा उजळला. त्यांनीं बारा घरें हिंडावयाचें ठरविलें आणि प्रवासाची विद्या वाढविली. दोघांनीं कांहीं मिळविलें आणि दोघांनीं कांहीं मोजलें. माझी चूक अशी कीं, मी त्यांचें मोल मोजीत राहिलों आणि मिळकतीकडे पाहिलेंच नाहीं.

शिवाय घर बदलण्याची कल्पना आपणांस अगदींच परकी आहे असेंहि नाहीं. भूपाचे पांच स्वर घ्या : सा, रे, ग, प, ध. पट्ट्या त्याच ठेवून गंधारास षड्ज माना. मालकंसाचे स्वर होतात. पंचमास षड्ज माना, दुर्गा होतो. धैवतास माना, धानी होतो. आमचे गुरुजन यास मूर्च्छनाभेद म्हणतात. तोच स्वर, नवें नातें, निराळा रस! फरक इतकाच कीं, आमच्याकडे हा बदल क्वचित्, क्षणभर आणि चमत्कार म्हणून दाखविला जातो. त्यांच्याकडे तो गाण्याचा नित्याचा रस्ता आहे.

आणि या दोन विद्यांची गांठ घालून देणारी माणसें आपल्या शेजारींच निपजलीं. गोव्यांत पोर्तुगीज अमलांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. त्या परंपरेंतले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टींत आले. सेबॅस्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक; प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांस त्यांनीं शिकविलें. या मंडळींपुढचें काम नाजूक होतें. वरची चाल रागाच्या वळणाची, एका षड्जास धरून राहणारी; तिला धक्का न लावतां खालचे गुच्छ हलवावयाचे. मघां आपण पेटीवर जो प्रयोग केला, तोच त्यांनीं वर्षानुवर्षें केला, आणि आपण तो नकळत ऐकत वाढलों. पाश्चात्त्य गुच्छांस नांवें ठेवणारा मीहि तरुणपणीं तींच गाणीं गुणगुणत असें, ही कबुली येथें देणें न्याय्य होईल.

तेव्हां, श्रोतेहो, अनेक गुच्छांचें एखादें गाणें कानीं पडलें तर गुच्छ मोजण्याच्या नादीं लागूं नका. वर कोणता स्वर टिकून आहे तिकडे कान द्या. खालचें घर बदललें आणि स्वर तोच राहिला, तर त्याची मुद्रा कशी पालटली तें न्याहाळा. पुढच्या घराची ललकारी ऐकूं येते का तें पाहा. आणि विशेषतः, शेवटापर्यंत थांबा. ज्या गाण्यांत टिकणारा स्वर नाहीं आणि परतीची वाट नाहीं, तें सोडून द्यावें. पण तो निकाल गाणें संपल्यावर द्यावा. माझ्या नातवानें मला जें शिकविलें तें एवढेंच.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक नवा परिपाठ पडला आहे. संध्याकाळीं मी काळी चारचा तंबोरा लावून षड्ज धरतों, नातू शेजारीं बसून त्याखालीं एकेक गुच्छ ठेवीत जातो आणि विचारतो, "आजोबा, आतां तुम्ही कोण?" मी म्हणतों, "पंचम." तो पुन्हां बदलतो. मी म्हणतों, "कोमल गंधार." कधीं चुकतों, कधीं बरोबर येतें. मी माझी जागा सोडीत नाहीं आणि तो एका जागीं बसत नाहीं. तरी दोघांचें जमतें. शेवटीं तो सा-ग-प वाजवितो, मी हंसतों, आणि मग आम्ही दोघे जेवावयास उठतों.